चार मिनिटांचं ऊन

फार मोठ्या फोटोचा एक त्रास असतो. लहान फोटो पाकिटात घालता येतो, अल्बममध्ये दडवता येतो, अगदीच नको झाला तर टेबलावर पालथा ठेवता येतो. आठ फूट उंच आणि अकरा फूट रुंद फोटोचं काही म्हणता काही करता येत नाही. तो भिंत अडवून बसतो. माझा असा एक फोटो नाशिकमधल्या एका हॉटेलच्या लॉबीत गेली काही वर्षं लावलेला आहे, आणि त्या रस्त्यानं जायची वेळ आली तर मी आधीच्याच चौकातून स्कूटर वळवतो. पाऊण किलोमीटरचा वळसा पडतो. पेट्रोलचं काही वाटत नाही.

यंदाही माघ लागला आणि द्राक्षं आली. नाशिककराला हे कॅलेंडरात बघावं लागत नाही. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी पाठ भाजते, आणि रस्त्याच्या कडेला हातगाड्यांवर हिरवे-पिवळे घड मांडलेले दिसायला लागतात. विकणारा चार मणी चाखायला देतो आणि आपण ते गंभीर चेहऱ्यानं चाखतो, जसं काही आपल्याला त्यातलं कळतं. वणीच्या रस्त्यावर क्रेट भरलेल्या पिकअप धावतात. त्याच पिकअपच्या हौद्यात सकाळी बायका उभ्यानं जातात, डोक्याला फडकं गुंडाळून, हातात लहानशी कात्री घेऊन. एके काळी मला या हंगामाचं फार कौतुक होतं. आता पहिला मणी दाताखाली फुटला की गोड लागतो आणि पाठोपाठ लाज वाटते. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग खाऊ नका." तिचं बरोबर आहे. पण द्राक्षं सोडून ती लाज सुटणारी नाही.

माझा मूळ धंदा पासपोर्ट साइझचा. नाशिक रोडला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर स्टुडिओ आहे. वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते, मुलगाही तिथेच चिकटेल अशी त्यांची अपेक्षा होती. मुलगा कॅमेऱ्याला चिकटला. पंचवीस वर्षं लोकांना स्टुलावर बसवून मी एकच वाक्य म्हणत आलो: हनुवटी थोडी वर, आणि आता हलू नका. दहावीचे फॉर्म, ओझरच्या कारखान्यात नोकरीला लागलेल्यांची ओळखपत्रं, लग्नाला आलेल्या मुली. सगळे न हलता बसायचे आणि सगळे थोडे घाबरल्यासारखे यायचे. मग चाळिशी उलटल्यावर मला कलाकार व्हायची हुक्की आली. मी एक जुना, लाकडी, मोठ्या फिल्मचा कॅमेरा विकत घेतला. काळ्या कापडात डोकं घालून बघायचं, एका वेळी एकच फिल्म, ती वहीच्या पानाएवढी. सुनंदा म्हणाली होती, "ही पेटी घेऊन फिराल तर लोक नाग दाखवाल म्हणून गोळा होतील."

तिला काय माहीत, मला लोक नकोच होते. मला जुन्या वास्तू हव्या होत्या आणि त्या रिकाम्या हव्या होत्या. का, ते मी तेव्हा मोठमोठ्या शब्दांत सांगायचो. शांतता, अवकाश, काळाचा स्पर्श, असलं बरंच काही. आता वाटतं, जन्मभर माणसांची तोंडं काढून मी कंटाळलो होतो, बस. आणि रिकाम्या जागेचं एक बरं असतं. फोटो काढून झाल्यावर ती तुम्हाला काही विचारत नाही.

वणीच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत, एक जुनी धर्मशाळा आहे. गडावर देवीला पायी जाणाऱ्यांसाठी कुणा धनिकानं बांधलेली. बाहेरून काळा दगड, आत सगळं सागवान. दोन रांगांत गुळगुळीत झालेले खांब, तिन्ही बाजूंनी माडी, आणि माडीच्या पूर्वेच्या भिंतीत ओळीनं झरोके. आत पाऊल टाकलं की आधी काही दिसायचंच नाही. मग हळूहळू खांब दिसायचे, मग त्यांच्यावरची नक्षी, मग नक्षीत अडकवलेल्या गोधड्या, परकर, कंदील आणि नागलीच्या पिठाच्या पिशव्या.

कारण धर्मशाळा रिकामी नव्हती. चैत्रात आणि नवरात्रात तिथे यात्रेकरू उतरायचे. मधल्या काळात, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून बागांच्या कामाला आलेली माणसं राहायची. मण्यांची विरळणी, घडांना कागद लावणं आणि शेवटी तोडणी, हे सगळं त्यांच्या हातचं. दोन खांबांच्या मधल्या जागेला खण म्हणतात. प्रत्येक कुटुंबाचा खण ठरलेला. त्याला कागद नाही, पावती नाही. शिमग्याला घरी जाताना चुलीचे तीन दगड पालथे करून आपल्या खांबाच्या पायाशी लावून जायचं. म्हणजे ही जागा घेतलेली आहे, माणसं परत येणार आहेत. यात्रेकरूसुद्धा त्या दगडांना हात लावायचे नाहीत, थोडं सरकून पथारी टाकायचे. डाव्या रांगेतल्या तिसऱ्या खांबाशी भागीबाईचे दगड असायचे. तिच्या आधी तिथेच तिच्या सासूचे होते.

भागीबाई साठीच्या पुढची, बुटकी, खणखणीत आवाजाची. गुडघ्यानं दगा दिला म्हणून बागेत जाणं बंद झालेलं. दिवसभर ती सगळ्यांची तान्ही सांभाळायची, पाणी भरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कोण, कुठला, कशाला आला ते विचारायची. मला तिनं पहिल्याच भेटीत "तू" म्हटलं. तिच्याकडे सगळ्यांना तूच. मी तिला "मावशी, तुम्ही" म्हणायचो, आणि आमच्यातला अधिक सभ्य माणूस कोण याविषयी तेव्हा मला शंका नव्हती.

मी चार-पाच वेळा नुसता बघायला गेलो. धर्मशाळा एका संस्थेच्या ताब्यात होती आणि संस्थेचं सगळं नाना बघायचे. स्वतः बागाईतदार, माणूस गोड. त्यांनी परवानगी दिली. मग बाजाराच्या दिवशी, सगळे सुट्टीवर असताना, मी धर्मशाळेत जाऊन सांगितलं की उद्या सकाळी मला आतला फोटो काढायचा आहे, तर सामान जरा बाहेर काढाल का? दहा मिनिटांचं काम आहे.

दहा मिनिटांचं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी ते सगळे हसून हो म्हणाले. पाहुण्याला नाही म्हणायची त्यांच्यात रीतच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा कामावर जायच्या आधी त्यांनी सगळं बाहेर चिंचेखाली नेऊन ठेवलेलं होतं. गोधड्यांची चळत, भांडी, बोचकी, झोळीत निजलेली दोन पोरं. चुलीसुद्धा विझवून दगड बाहेर काढलेले. सकाळची भाकर त्यांनी बाहेर वाऱ्यात भाजून घेतली होती. मी "थँक्यू" म्हटलं आणि आत गेलो.

पहिली फिल्म काढली. ऊन झरोक्यांतून आत येत होतं, पण ते जमिनीवर पडेपर्यंत दिसत नव्हतं. सगळं कसं कोरडं, सरकारी कार्यालयासारखं. आत इतका अंधार होता की एका फोटोला चार मिनिटं कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवावा लागायचा. दुसरी फिल्म घातली, डोळा उघडला, घड्याळ लावलं, आणि दारातून भागीबाई आत आली. हातात केरसुणी. अंगावर नवं कोरं हिरवं लुगडं, शिमग्यासाठी ठेवलेलं, घड्यांच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. केसांना तेल. ती एका टोकापासून झाडायला लागली.

इथे मला थोडं समजावून सांगायला हवं, कारण सगळं यातच आहे. चार मिनिटांच्या फोटोत जे स्थिर असतं तेवढंच उमटतं. जे सरकतं, ते उमटत नाही. चालणारा माणूस त्यात येतच नाही. भागीबाई त्या लांबलचक दालनात या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून झाडत गेली, म्हणजे फिल्मच्या दृष्टीनं ती तिथे नव्हतीच. हे पंचवीस वर्षं "हलू नका" म्हणत आलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. "मावशी, एक मिनिट थांबा" एवढं म्हणालो असतो तर ती थांबली असती, आणि थांबली असती तर फोटोत आली असती. म्हणूनच मी म्हणालो नाही. आणि तिच्या केरसुणीनं धूळ उडाली. ती धूळ उन्हात चढली, आणि झरोक्यापासून जमिनीपर्यंत उन्हाचे सात तिरपे पट्टे दालनात उभे राहिले. मी काळ्या कापडाबाहेर येऊन बघत राहिलो. मनात म्हटलं, मावशी, झाडा अजून.

वेळ संपल्यावर मी डोळा बंद केला. भागीबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "आले का मी त्यात?"

"आलात की," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली. "रिकाम्या घराचा फोटू काढत्यात व्हय? बघनाऱ्याला वाटंल हितं कोनी राहतच नाय."

संध्याकाळी बागेतून बायका परत आल्या तेव्हा दिवसभर आणखी काही फिल्म काढून मी सामान आवरत होतो. भागीबाईनं सगळ्यांना सांगितलं की तिचा फोटो आला आहे, झाडतानाचा, नव्या लुगड्यातला. बायकांनी तिची थट्टा केली. तिची सून हसत म्हणाली, "आत्या, आता तुला सिनेमात घेतील." मीही हसलो. निघताना त्यांनी मला नागलीची भाकर आणि उडदाचं भुजं दिलं. ते मी खाल्लं, चवीनं खाल्लं.

पुढचं सगळ्या कौतुकाच्या गोष्टींसारखं झालं. ती दुसरी फिल्म मी आठ बाय अकरा फुटांची छापून घेतली. प्रदर्शनात लोक तिच्यासमोर उभे राहून हळू आवाजात बोलायचे, देवळात बोलावं तसं. सगळ्यांचं बोट त्या उन्हाकडेच जायचं. हे ऊन कसं हो पकडलंत? मी मान तिरकी करून म्हणायचो, वाट बघावी लागते. कुणाला धुळीबद्दल सांगितलं नाही, केरसुणीबद्दल तर नाहीच. फोटोला नाव दिलं "निर्मनुष्य". हे नाव सुचलं त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की सुनंदाला भजी करायला लावली होती.

प्रदर्शनाला नानाही आले. हार घेऊन आले. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "लय भारी भाऊ. एकदम रिकामं. आम्हाला कागदाबरोबर लावायला असाच पायजे होता." कुठला कागद, ते मी विचारलं नाही. त्यांनी एक लहान प्रत मागितली, मी दिली, मागे सही करून दिली. धर्मशाळेचं नीट जतन करून तिथे बाहेरच्या पाहुण्यांसाठी मुक्काम काढायचा, असा संस्थेचा विचार होता. त्यासाठी सरकारात जो अर्ज गेला, त्यात लिहिलं होतं की वास्तू वापरात नाही, आत कोणाचंही वास्तव्य नाही, सोबत छायाचित्र जोडले आहे. छायाचित्र म्हणजे माझी कला.

दिवाळीनंतर डोंगरातली माणसं आली तेव्हा दाराला कुलूप होतं आणि चुलींचे दगड बाहेर गटाराशी पडले होते. हे मला भागीबाईनं सांगितलं. ती सुनेला घेऊन एसटीनं नाशिक रोडला आली होती, मी दिलेलं कार्ड दाखवत, विचारत विचारत. सुनंदानं त्यांना बाकावर बसवून चहा दिला.

"संस्थेवाले म्हनत्यात, तुमी हितं कवा राहतच नव्हता," भागीबाई म्हणाली. "मी म्हनलं, असं कसं? माझा फोटू हाय की. दादाकडं हाय. तेवढा दे मला. सरकारी सायबाला दाखवते, मंग कुलूप काढतील. पोरं उघड्यावर हायेत."

नाही म्हणायला कारण नव्हतं. मी प्रत काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं आधी पदरानं हात पुसले. मग डाव्या रांगेतला तिसरा खांब शोधला, तो लगेच सापडला. त्याच्या आसपास बोट फिरवलं. मग पुढच्या खांबाशी, मग दाराशी. सूनही वाकून बघायला लागली. दोघी मिळून बराच वेळ शोधत होत्या. मी गिऱ्हाइकांना घालायला ठेवलेल्या कोटाची काउंटरवर पडलेली सुटी बटणं उगाच आवरत होतो.

"मी कुठं हाय?" तिनं विचारलं.

मी समजावलं. फिल्म, चार मिनिटं, स्थिर, अस्थिर. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी हललं त्ये येत नाय."

"नाही येत."

"मंग न हलता झाडायचं कसं?" ती म्हणाली. तिला खरंच प्रश्न पडला होता. मग तिनं विचारलं, "तुला ठावं व्हतं का तवा?"

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोलायला मला अर्धा क्षणसुद्धा लागला नाही. सुनंदा तिथेच उभी होती. तिला माझा धंदा माहीत आहे, तिनं माझ्याकडे बघितलं आणि कप उचलून आत गेली.

भागीबाईनं फोटो माझ्या हातात परत दिला. "मंग फोटूचं राहू दे. तू तर पाहिलं हायेस ना? भाकर खाल्लीस आमची. तू चल. सायबाम्होरं तोंडानं सांग, की ही मानसं हितं राहत व्हती, मी सोता पाहिली. तुझं ऐकतील."

माझं ऐकलं असतं. हेच तर आहे. एवढं मोठं कौतुक झालेला फोटोवाला, त्याचाच फोटो अर्जाला जोडलेला, आणि तोच उभा राहून म्हणाला असता की ही जागा मी रिकामी करवून घेतली होती, तर निदान चौकशी तरी झाली असती. मी म्हटलं, "सोमवारी येतो." तिनं सुनेकडे बघून मान डोलावली. जाताना सुनंदाला म्हणाली, "भला मानूस हाय तुझा."

सोमवारी मी गेलो नाही. कारणं होती. त्या हॉटेलवाल्यांशी फोटो विकायची बोलणी नेमकी त्याच आठवड्यात चालू होती आणि "निर्मनुष्य" नावाच्या फोटोतली माणसं बाहेर आली असती तर त्या फोटोचं काय राहिलं असतं? नानांना दुखवायचं नव्हतं. पुढच्या सोमवारीही गेलो नाही. मग दोन-तीन आठवडे गेल्यावर वाटायला लागलं की आता जाणं जास्तच विचित्र दिसेल. लाज अशीच मुरत जाते. पहिल्या दिवशी ती पुसता येते, नंतर तीच आपल्याला सांगायला लागते की आता कशाला. सुनंदा मला एकदाच म्हणाली, "तुम्ही सोमवारी गेला नाहीत." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

हे झाल्याला बरेच हंगाम झाले. दरवर्षी माघात मला वाटायचं की यंदा जाऊ. यंदा कशानं गेलो ते सांगता येत नाही. हातगाडीवाल्यानं चार मणी हातावर ठेवले, मी ते तोंडात टाकले आणि स्कूटर घरी न नेता तशीच वणीच्या रस्त्याला लावली. धर्मशाळेच्या दारात आता कुंड्या आहेत आणि काचेची पाटी आहे. तिथे थांबलो नाही. विचारल्यावर कळलं की सुरगाण्याकडची माणसं आठवडे बाजाराच्या पत्र्यांखाली असतात. बाजाराच्या दिवशी त्यांना पहाटेच उठून सगळं बांधून रस्त्याकडेला बसावं लागतं, भाजीवाल्यांना जागा लागते म्हणून. भिंती नाहीत, बाजूंना कांद्याची जाळी आणि फ्लेक्सचे तुकडे बांधलेले.

भागीबाई पत्र्याच्या खांबाला टेकून सुपात नागली पाखडत होती. वाकली आहे, पण आवाज तोच. मला ओळखलं. "ये, दादा," म्हणाली, आणि पोत्याची घडी पुढे सरकवली. मी बसलो. वाटेत वाक्यं जुळवत आलो होतो, त्यातलं एकही धड आठवेना.

"मावशी, मी खोटं बोललो होतो तुमच्याशी," मी म्हणालो. "तुम्ही फोटोत येणार नाही हे मला माहीत होतं. तुम्ही झाडत होता तेव्हाच माहीत होतं. आणि सोमवारी मी मुद्दाम आलो नाही."

सूप थांबलं नाही. "ठावं हाय," ती म्हणाली. "दुकानात तू बटनं आवरत व्हतास, तवाच कळलं."

मग तिनं नातीला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. मी म्हटलं, आता येतो, उद्याच येतो, नानांकडे, साहेबांकडे, तुम्ही म्हणाल तिथे. अर्जाबद्दल सांगतो, सामान बाहेर काढायला लावलं ते सांगतो, सगळं तोंडानं सांगतो. बोलता बोलता मला रडू आलं, आणि ते इतक्या वर्षांनी आलं याचीच लाज वाटली. ती मला बोलू देत राहिली. माझं संपलं तेव्हा तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि लहान पोराला समजवावं तसं हळू म्हणाली,

"आता सायेब आत जाऊन बघंल, तर आमच्यातलं कोन दिसंल त्याला? तुझा फोटू तवा खोटा व्हता, दादा. आता खरा झाला."